रेणूनं शिकवलेलं काम

पवनीचे टेकचंद निपाने हातमागावर रेशीमकाठी धोतरं विणत. धागा तुटला की त्यांची थोरली पोर रेणू मागाखाली वाकून बसे आणि बोटांनी चाचपत ते टोक शोधून काढी. रेशमाचा धागा केसाहून बारीक, त्यात खोलीत उजेड कमी. तरी रेणूच्या बोटांना तो डोळ्यांच्या आधी सापडे. टेकचंद आल्यागेल्याला सांगत, ही पोरगी नव्हे, हा माझा चष्मा आहे.

रेणू दहा वर्षांची असताना मोनिका झाली आणि त्याच बाळंतपणात आई गेली. मग मोनिकाला रेणूनंच वाढवलं. बाटलीनं दूध पाजलं, उवा काढल्या, शाळेच्या पहिल्या दिवशी बोट धरून नेलं. मोनिका बोलायला लागली तेव्हा तिच्या तोंडून पहिला शब्द ‘ताई’ असा निघाला. लग्न होऊन भंडाऱ्याला गेल्यावरही रेणू हे शेजारणींना सांगायची.

नवरा कुंदन. महामार्गाला लागून त्याचं कार डेकोरचं दुकान होतं, मागच्या बाजूला घर. सीट कव्हर, पायपुसणी, रेडियमचे स्टिकर, देवाच्या छोट्या मूर्ती असा माल. कुंदन बोलायला गोड. गिऱ्हाईक आलं की खुर्ची सरकवायचा, थंड पाणी द्यायचा, त्याच्या गावचं कोणी ना कोणी ओळखीचं काढायचा. हाताला मात्र कसब नव्हतं. त्यानं लावलेला स्टिकर हमखास तिरका जायचा आणि ते हसण्यावारी न्यायची कला त्याला साधली होती.

दोन हजार सतराच्या सुमारास जिल्ह्यात मोठाल्या गाड्या दिसू लागल्या. राइस मिलवाले, ठेकेदार गाडी शोरूममधून काढायचे आणि तशीच नागपूरला पीपीएफ लावायला न्यायचे. पीपीएफ म्हणजे गाडीच्या रंगावर चढवायची जाड पारदर्शक फिल्म. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा रंगाला न लागता फिल्मला लागतो. तिच्यावर मग सिरॅमिक कोटिंग करायचं. लहानशा बाटलीतलं द्रव फडक्यानं पसरायचं, ते वाळून काचेसारखं कडक होतं. पाणी घरंगळून जातं, चिखल धरत नाही, खालची फिल्म पिवळी पडत नाही. आधी फिल्म, मग कोटिंग. उलट केलं तर फिल्मच्या कडा चिकटत नाहीत.

कुंदननं नागपूरला तीन दिवसांचं शिक्षण घेतलं, फिल्मचा रोल आणला आणि पहिलीच गाडी घेतली ती तुमसरच्या मधुकररावांची. राइस मिलचे मालक, गाडी काळी. काळ्या रंगावर धुळीचा कणही लपत नाही. कुंदननं पुढच्या बंपरवर दोनदा फिल्म चढवली आणि दोन्हीदा ती सुरकुतली. रेणू चहा घेऊन आली होती. दारातच थांबून तिनं पाहिलं आणि म्हणाली, “तिकडून नका ओढू. ताण इकडून येऊन राहिला.”

कुंदननं हातातली रबरी पट्टी जमिनीवर आपटली. “तूच कर मंग.”

तिनं पदर खोचला आणि केलं. शांपूचं पाणी मारलं, फिल्म पसरली, तळहातानं सरकवत जागेवर आणली. फिल्मखाली राहिलेला कण तिला बोटाच्या टोकाशी लागायचा, ती तेवढाच कोपरा उचलायची, कण धुऊन काढायची, पुन्हा बसवायची. कडा तर तिनं अशा आत वळवल्या की नखानंही कळू नये. दोन दिवसांनी कोटिंगही तिनंच केलं. मधुकरराव आले, त्यांनी बॅटरीच्या उजेडात बॉनेट न्याहाळलं आणि कुंदनच्या पाठीवर थाप मारली. “कसब हाये तुह्या हातात.” कुंदन लाजल्यासारखं हसला आणि म्हणाला, “नागपूरले शिकलो न भाऊ.”

रेणू पडद्यामागून ऐकत होती. तिला राग आला नाही, उलट मजाच वाटली. दुसऱ्या दिवशी कुंदननं दुकानाच्या मागच्या भागाला जाड ताडपत्री लावली. गिऱ्हाइकांना सांगितलं की धूळ येऊ नये म्हणून. रेणूनं एकदाच विचारलं होतं की माझं नाव सांगितलं तर काय बिघडतं. तो म्हणाला, “पंचवीस लाखाची गाडी बाईच्या हातात कोण देईन?” तिला ते पटलं. तेव्हा बऱ्याच गोष्टी तिला पटत असत.

पुढची पाच वर्षं रेणू ताडपत्रीआड उभी राहिली. कुंदन आधी हातमोजे आणून द्यायचा. पण मोजे घातले की तिची बोटं आंधळी व्हायची, म्हणून ती ते काढून ठेवी. फिल्म लावताना स्पिरिटचं पाणी, कोटिंग करताना ते उग्र द्रव, सगळं उघड्या हातांवर. बाटलीवर मोजे घाला म्हणून चित्र छापलेलं असे. ते दोघांनीही पाहिलं होतं.

मोजे तिनं एकदाच घातले. फिल्म बनवणाऱ्या कंपनीनं जिल्ह्यासाठी अधिकृत दुकान नेमायचं ठरवलं आणि दुकानदारानं स्वतः काम करतानाचा व्हिडिओ मागितला. कुंदननं रेणूला आपला लांब बाह्यांचा काळा टी-शर्ट दिला, काळे मोजे दिले आणि बांगड्या काढायला सांगितल्या. सवाष्णीचे हात बोडके कसे करायचे म्हणून ती घुटमळली, तेव्हा सासू जानकीबाईंनीच तिचा हात धरून साबण लावला आणि एकेक बांगडी उतरवली. कॅमेरा कोपराच्या वर गेला नाही. शेवटी कुंदन समोर आला, कपाळाचा घाम पुसला आणि आपलं नाव सांगितलं.

अधिकृत दुकानाची पाटी लागली त्या दिवशी मधुकररावांनी फीत कापली. रेणू मागे चाळीस माणसांचे पोहे करत होती. समोर कोणीतरी कुंदनला हात पुढं करायला सांगितले आणि नुसत्या हातांचा फोटो काढला. तो फोटो चौकट करून काउंटरच्या वर लावला गेला.

हातांना त्रास सुरू झाला तो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. आधी कातडी कोरडी पडली, मग बोटांच्या टोकांना भेगा गेल्या, मग त्यांतून रक्त येऊ लागलं. मीठ-मिरचीला हात लागला की डोळ्यांत पाणी. एके दिवशी जानकीबाईंनी ताटातली पोळी उलटून पाहिली, बाजूला सारली आणि म्हणाल्या, आजपासून कणीक मीच मळीन, तुझ्या हातचं मला जात नाही. रेणूची बोटं पाहून शेजारची एक बाई तिच्याकडून वाटी घेताना ती आधी खाली ठेवायला लावू लागली.

बसस्टँडजवळच्या चामडीच्या डॉक्टरांनी तिला कामाचं विचारलं आणि लगेच सांगितलं. हे त्या रसायनांमुळे. आता शरीरानं त्याचा धसका घेतलाय, थेंब लागला तरी पुन्हा होईल. काम सोडा, वर्षभरात बरंचसं भरून येईल, पण बोटांची पहिली जाण परत येईलच असं नाही. आणि दुकानात जो कोणी हे काम करील त्याला मोज्यांशिवाय हात लावू देऊ नका. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं आणि कागदावर दुकानाचं नावही लिहून घेतलं.

घरी येऊन तिनं सारं कुंदनला सांगितलं. तो मोबाइलवर होता. फोन संपल्यावर त्यानं विचारलं, “मंग आता काम कोण करन?”

कोण, ते रेणूनंच सुचवलं. मोनिका बारावीनंतर घरीच होती. बोटं बापाची, म्हणजे रेणूचीच. दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात मोनिका पवनीहून अड्याळमार्गे येणाऱ्या बसनं कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि मागच्या खोलीत राहिली. रेणूनं तिला पहिल्या दिवशी मोज्यांचा डबा हातात दिला आणि हे काढायचे नाहीत म्हणून बजावलं. ती स्वतः स्टुलावर बसून तोंडानं सांगायची. पाणी मार, कोपरा धर, घाई नको, कोटिंग चौकोनात पसर, इंद्रधनुष्यासारखी छटा दिसली की लगेच पूस, नाहीतर डाग कायमचा बसतो. मोनिका चटकन शिकली. मोज्यांमुळे कडा जरा जाड राहत, पण चालण्यासारखं होतं. रेणूला ते दिवस बरे गेले. बहीण जवळ होती आणि काम अजून तिच्याच डोक्यातून चाललं होतं.

मग कुंदनला नवी युक्ती सुचली. एका दुपारी त्यानं ताडपत्री गुंडाळून ठेवली आणि काम करणाऱ्या मोनिकाचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, जिल्ह्यातली पहिली पीपीएफ करणारी मुलगी. दोन दिवसांत तो साऱ्या भंडाऱ्यानं पाहिला. साकोलीहून, पवनीहून गाड्या आल्या, आणि पोरगी काम करताना दिसली पाहिजे अशी लोकांचीच मागणी असे. जी गोष्ट सांगितली तर गिऱ्हाईक पळेल असं कुंदन पाच वर्षं म्हणत आला होता, तीच आता पाटीवर चढली. रेणूनं त्याला विचारलं की हे माझ्या वेळी का नाही केलं. तो सहज म्हणाला, “तुह्या वेळी जमाना वेगळा होता. अन् तू कॅमेऱ्यात चांगली नसती दिसली.” तेवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

मार्चमध्ये महिला दिनाचा कार्यक्रम झाला. महिला मंडळाच्या चंद्रभागाबाईंनी मोनिकाला शाल-श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. रेणू तिसऱ्या रांगेत बसली होती. हात पदराखाली. मोनिकानं माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली की हे सगळं मला माझ्या भाऊजींनी शिकवलं, त्यांच्यामुळेच मी इथं उभी आहे. कुंदननं तिला रिक्षात तसंच पढवलं होतं. टाळ्या वाजल्या. रेणूच्या शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं आणि तुमचा नवरा फार भला दिसतो असं सांगितलं.

घरी आल्यावर रेणूनं मोनिकाची शाल घडी करून कपाटात ठेवली.

आठवड्याभरानं एक पांढरी गाडी आली होती. हेडलाइटच्या वळणावर मोनिकाला कड नीट बसवता येईना. तीनदा उचलून झाली. ती वैतागून मागे वळली. “ताई, तू त बिना मोज्यानंच करत होती न?”

“हो.”

“मी काढू काय?”

रेणू स्टुलावर होती. डॉक्टरांचे शब्द तिला त्या क्षणी स्पष्ट आठवले. आपण विसरलो होतो असं ती पुढं स्वतःलाही कधी सांगू शकली नाही. ती म्हणाली, “काढ.”

कड पहिल्याच झटक्यात बसली. मोनिका लहान पोरीसारखी खुलली. त्यानंतर तिनं मोजे घातले नाहीत. कुंदनच्या ते लक्षात आलं, काम सुधारलेलंही लक्षात आलं, आणि पुढं त्यानं मोज्यांचा डबा आणायचंच सोडून दिलं.

कुंदननं आता आणलेलं नवं कोटिंग पहिल्यापेक्षा उग्र होतं. रेणूला जे पाच वर्षांत झालं ते मोनिकाला सात महिन्यांत झालं. दिवाळीच्या आधी एका सकाळी ती रेणूजवळ आली आणि बोटं पुढं केली. टोकं लाल झाली होती, दोन ठिकाणी उलली होती. “ताई, तुह्या हाताले असंच झालं होतं का सुरुवातीले?”

रेणूनं तिची बोटं आपल्या हातात घेतली. लहानपणी खरूज झाली होती तेव्हा घेतली होती तशीच. नीट पाहिली. मग म्हणाली, “माह्यं वेगळं होतं. हे थंडीनं होते. खोबरेल लाव.”

मोनिका तेल लावत राहिली आणि काम करत राहिली. त्या महिन्यांत रेणू तिच्याशी पूर्वीपेक्षा गोड वागू लागली. तिच्या आवडीची भाजी सासूकडून करून घ्यायची, तिचे कपडे धुऊन द्यायची. मनातून ती रोज ठरवायची की उद्या सांगू. मग गिऱ्हाईक येई, मोनिका त्याच्याबरोबर फोटोला उभी राही, आणि तो उद्या पुढं जाई.

फेब्रुवारीत सानगडीचं स्थळ आलं. मुलगा वीज मंडळात, माणसं बरी, व्हिडिओ पाहून त्यांनीच निरोप धाडला होता. पाहायला पवनीला आली. घरात आईच्या जागी रेणूच, म्हणून ती आदल्या दिवशीच गेली. मुलाच्या आत्या पुष्पाबाई घरातल्या कर्त्या होत्या. मोनिकाला समोर बसवून त्यांनी दोन प्रश्न विचारले, हसल्या, आणि कुंकू लावून तिच्या हातात नारळ देताना त्यांनी तो हात उलटा केला. बोटांची टोकं सोललेल्या फळासारखी दिसत होती. पुष्पाबाईंनी नारळ परत ताटात ठेवला. तेवढ्यात रेणू पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि त्यांची नजर तिच्या बोटांवरच्या जुन्या भेगांच्या व्रणांवर गेली.

“दोघी बहिणीलेही हाये?” त्या म्हणाल्या. “यायच्या आईले होतं का?”

टेकचंद गोंधळून म्हणाले की आई तर बाळंतपणातच गेली, तिला असलं काही नव्हतं. पुष्पाबाई हळूच म्हणाल्या, “तरणीच गेली म्हणता. मंग तिचं काय सांगता येते?”

महारोग हा शब्द कोणी उच्चारला नाही. पण मुलाचा बाप उठून अंगणात गेला आणि मुलगा आपल्या बुटांकडे पाहू लागला. टेकचंदांनी रेणूकडे पाहिलं. शहरात राहणारी, डॉक्टरकडे जाऊन आलेली तीच. एवढं म्हणायचं होतं की हा रोग नाही, दुकानातल्या रसायनानं झालंय, काम सोडलं की जातं, डॉक्टरांनी मला सांगितलंय. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न मोनिकाचा असणार होता. रेणूनं बशा खाली ठेवल्या आणि पाणी आणते म्हणून ती आत गेली. आलेली माणसं निघून जाईपर्यंत ती हंड्यापाशीच उभी राहिली.

पोहे तसेच राहिले. आठ दिवसांत ती गोष्ट समाजात पसरली. अड्याळच्या आतेबहिणीनं टेकचंदांना फोन करून विचारलं की आईचं खरं काय होतं, आता लपवू नका. टेकचंदांची धोतरं घेणाऱ्या एका व्यापाऱ्यानं माल न्यायला माणूस पाठवणं बंद केलं.

मोनिका एकटीच भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे गेली. तिला महारोगाचीच भीती बसली होती. डॉक्टरांनी हात पाहिले, दुकानाचं नाव ऐकलं आणि चिडले. दोन वर्षांपूर्वी त्याच दुकानातल्या बाईला मी बजावून सांगितलं होतं, ते म्हणाले, कोणालाही मोज्यांशिवाय हात लावू देऊ नका. तुम्हाला सांगितलं नाही का कोणी?

ती तिथून चालतच दुकानात आली. दुपारची वेळ होती, कुंदन जेवायला गेला होता. रेणू काउंटरवर होती. मोनिकानं डॉक्टरांचा कागद तिच्यापुढं ठेवला.

“तुले माहीत होतं.”

“हो.”

“मंग काहून?”

रेणूनं वर्षभर याचं उत्तर मनात तयार ठेवलं होतं. ते तिनं सांगितलं. “तू माह्यं नाव नाही घेतलं.”

मोनिका तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला खरोखरच कळलं नव्हतं. “कुठं?” तिनं विचारलं. “कुठं नाही घेतलं?”

रेणूनं कार्यक्रमाचं सांगितलं. शाल, माईक, चंद्रभागाबाई. मोनिकाला आठवायला वेळ लागला. मग आठवलं. “थे भाऊजींनं सांगितलं होतं म्हणून बोलली,” ती म्हणाली. “मले त काय बोलली थे याद पण नव्हतं.” आणि ती मागच्या खोलीकडे न जाता तशीच बसस्टँडकडे निघाली.

सामान न्यायला टेकचंद आले. दारातच उभे राहिले. रेणूनं पाट मांडला, पाणी पुढं केलं. त्यांनी तांब्याकडेही पाहिलं नाही. “पोरीचं सामान द्या,” ते म्हणाले. जन्मात त्यांनी रेणूला अहोजाहो केलं नव्हतं. तिनं पिशवी आणून दिली. शाल तिनं पिशवीत सगळ्यात वर ठेवली होती, ती त्यांनी बाहेर काढली आणि ओट्यावर ठेवून गेले.

मोनिकाचे हात वर्षाच्या आत भरून आले. तोवर रोगाची अफवा मात्र पक्की बसली होती. डॉक्टरांचा कागद दाखवूनही तीन स्थळं परत फिरली. अखेर दिघोरीच्या एका बिजवराला दिली, त्याला दोन मुलं आणि वय चाळीस. रेणूला पत्रिका आली नाही. लग्न झाल्याचं तिला एका गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं, आणि तो माणूस समजत होता की ती लग्नाला होती, म्हणून त्यानं तिलाच जेवण कसं होतं ते विचारलं. चांगलं होतं, रेणू म्हणाली.

कुंदनला फारसा फरक पडला नाही. त्यानं नागपूरहून दोन कारागीर आणले. ते कोपरापर्यंत मोजे घालतात, कानात गाणी लावतात आणि दिवसाला एक गाडी हातावेगळी करतात. रेणू काउंटरवर बसते. कोटिंग झाल्यावर सात दिवस गाडी धुऊ नका, झाडाखाली लावू नका, हे छापलेला कागद ती प्रत्येकाला देते आणि तोंडानंही सांगते.

परवा एक निवृत्त शिक्षक आपली निळी गाडी न्यायला आले होते. कारागिरांनी लावलेली कड हेडलाइटपाशी उचललेली होती आणि बॉनेटवर फिल्मखाली तीन कण राहिले होते. रेणूला काउंटरवरून दिसत होते. मास्तरांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, रंगावरून तळहात फिरवला आणि समाधानानं म्हणाले की असं काम मी नागपुरातही पाहिलं नाही. कुंदननं त्यांना खुर्ची दिली. रेणूनं कागद दिला.